नवा धंदा मांडणाऱ्याचा दिवस

मंडळी, या धड्यात आपण एका माणसाचा दिवस वाचणार आहोत. हा माणूस कोणाचा चाकर नाही. तो सावकार नाही आणि पुढारीही नाही. त्याने एक नवा धंदा मांडला आहे. तो सकाळी आधी कोणते काम हाती घेतो, कोणते मागे ठेवतो, आणि रात्री दिवा मालवण्यापूर्वी वहीत काय लिहितो, ते आपण सावकाश पाहू या.

१. शब्द समजून घेऊ

हल्ली 'स्टार्टअप' हा शब्द फार ऐकू येतो. पोरे बोलतात, मोबाइलवर दिसतो. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' ही योजना सुरू केली. त्यानंतर हा शब्द खेड्यापाड्यांपर्यंत आला.

शब्द इंग्रजी आहे, पण अर्थ अवघड नाही. लोकांची एखादी अडचण नव्या रीतीने दूर करायची, त्यासाठी नवा उद्योग काढायचा, आणि तो वाढवत न्यायचा. अशा उद्योगाला स्टार्टअप म्हणतात. जो तो काढतो, तो संस्थापक. आपण त्याला 'धंदा मांडणारा' म्हणू.

पुष्कळांना वाटते, हे पुण्या-मुंबईचे काम. काचेची इमारत पाहिजे, गार हवेची खोली पाहिजे, इंग्रजी पाहिजे. दुरून डोंगर साजरे, तसे हे आहे. आपल्या तीर्थपुरीहून जालन्याच्या मोंढ्यात माल घेऊन जाणारी माणसे रोजची आहेत. त्याच जालन्यात साठ वर्षांपूर्वी असा एक नवा धंदा उभा राहिला. तेव्हा स्टार्टअप हा शब्द इकडे कोणाला ठाऊक नव्हता. काम मात्र तेच होते.

२. जालन्याचे उदाहरण

बद्रीनारायण बारवाले यांचा जन्म १९३० साली हिंगोलीत झाला. ते जालन्यात वाढले. त्या काळी आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तरुणपणी बारवाले संस्थानाच्या मुक्तीच्या लढ्यात पडले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. पुढे बारवाले शेतीकडे वळले.

त्यांनी प्रथम भेंडी हाती घेतली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने 'पुसा सावनी' नावाचा भेंडीचा सुधारलेला वाण काढला होता. जुन्या भेंडीवर केवडा रोग पडे, पाने पिवळी होत आणि पीक हातचे जाई. हा वाण त्या रोगापुढे टिकत होता. बारवाले यांनी या भेंडीचे बियाणे करायला सुरुवात केली. भेंडी विकणारे पुष्कळ होते. भेंडीचे चांगले बियाणे विकणारा विरळा होता. अडचण कुठे आहे, हे त्यांनी नेमके ओळखले.

१९६४ साली त्यांनी जालन्यात 'महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी' काढली. तिलाच आपण 'महिको' म्हणतो. तेव्हा जालना हा वेगळा जिल्हा नव्हता. तो औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

तो काळ अन्नाच्या टंचाईचा होता. १९६५ आणि १९६६ साली देशात पावसाने दगा दिला. अमेरिकेतून गहू आणावा लागला. आमच्या वयाच्या माणसांना १९७२ च्या दुष्काळातली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी अजून आठवते. एका एकरात जास्त दाणे पिकले पाहिजेत, ही देशाची निकड होती. १९६४ साली ज्वारीचा 'सीएसएच-१' हा संकरित वाण आला. १९६५ साली बाजरीचा 'एचबी-१' आला. वाण शास्त्रज्ञांनी काढले. पण त्यांचे बियाणे करून गावोगाव पोचवणार कोण? सरकारने १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम काढले होते. त्याच वेळी बारवाले यांच्यासारखी खाजगी माणसेही या कामात उतरली.

१९९८ साली बारवाले यांना 'वर्ल्ड फूड प्राइझ' मिळाले. अन्नाच्या क्षेत्रातला तो जगातला मोठा मान आहे. २००१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २४ जुलै २०१७ रोजी ते वारले. आज जालना म्हटले की लोखंडाबरोबर बियाण्याचे नाव निघते. जालन्यात बियाण्याच्या अनेक कंपन्या आहेत, आणि त्यांचे बीज-प्लॉट आसपासच्या गावांतून दिसतात.

मान मिळाला तो पुष्कळ वर्षांनी. धंदा उभा राहतो तो रोजच्या दिवसावर. म्हणून आता दिवसाकडे वळू. खाली जो दिवस सांगितला आहे, तो कोणा एका व्यक्तीचा नाही. बियाण्याच्या धंद्यात जो कोणी नव्याने उतरेल, त्याला हंगामात असाच दिवस काढावा लागतो.

३. हा धंदा इतरांहून वेगळा कसा?

भजी बिघडली तर गिऱ्हाईक पहिल्या घासाला सांगते. शिवण उसवली तर आठ दिवसांत कळते. बियाण्याचे तसे नाही. आज प्लॉटवर झालेली चूक आज दिसत नाही. बियाणे पिशवीत जाते, पिशवी दुकानात जाते, दुकानातून शेतकऱ्याच्या घरी जाते. पुढच्या मिरगात तो पेरतो. मग चूक त्याच्या वावरात उगवते. तोवर त्याचे खत गेलेले असते, मजुरी गेलेली असते, पाऊसही गेलेला असतो. हंगाम परत मिळत नाही.

आता संकरित बियाणे म्हणजे काय, तेही थोडक्यात पाहू. दोन वेगळ्या जातींची झाडे घ्यायची. एक नर म्हणून, एक मादी म्हणून. नराचा पराग मादीच्या फुलाला द्यायचा. त्यातून जे बी तयार होते, ते संकरित. त्याचे पीक पहिल्या वर्षी जोमदार येते. पण त्या पिकाचे बी धरून पुन्हा पेरले तर झाडे एकसारखी येत नाहीत. म्हणून हे बियाणे दरवर्षी नव्याने करावे लागते. दरवर्षी नवे बियाणे म्हणजे दरवर्षी नवी परीक्षा.

४. दिवस आदल्या दुपारी सुरू होतो

कपाशीचे उदाहरण घेऊ. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस 'संकर-४' हा १९७० साली सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी काढला. त्यानंतर हाताने पराग देण्याचे काम गावोगाव सुरू झाले. आपल्याकडे त्याला 'क्रॉसिंग' म्हणतात. हे काम बहुतेक बायाच करतात. वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणींच्या बोटांना ते ठाऊक असेल.

उद्या जे फूल उमलणार, त्याची कळी आज दुपारी ओळखू येते. ती फुगलेली असते. दुपारी तिसऱ्या प्रहरी बाया मादी झाडांच्या ओळीत शिरतात. कळीच्या पाकळ्या आणि आतली पुंकेसरांची नळी नखाने अलगद काढतात. मधली दांडी तेवढी राहू देतात. तिला धक्का लागला तर फूल फुकट गेले. मग वर लाल पातळ कागदाची पिशवी घालतात. लाल कशासाठी? सकाळी लांबून दिसावी म्हणून. आणि बाहेरचा पराग येऊन बसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी काढतात. नर झाडाचे उमललेले फूल घेतात आणि त्याचा पराग त्या दांडीवर चोळतात. एका नर फुलात चार-पाच मादी फुले होतात. देठाला दोरा बांधतात. दोरा म्हणजे या फुलाचे काम झाले, ही खूण.

हे काम साधारण आठ ते अकरा या वेळेत उरकावे लागते. उशीर झाला तर पराग सुकतो. फूल कोणासाठी थांबत नाही. मालक आजारी असला तरी ते उमलते. लग्न असले, पोळा असला तरी उमलते. आदल्या दिवशी जी कळी नजरेतून सुटली आणि उमलली, ती तोडूनच टाकावी लागते. तिच्यात स्वतःचाच पराग पडलेला असतो. तिचे बोंड राहिले तर शुद्ध बियाण्यात भेसळ झाली.

म्हणून या धंद्यातला दिवस सकाळी सुरू होत नाही, आदल्या दुपारी सुरू होतो. जो आज दुपारी उद्याची तयारी करीत नाही, त्याला उद्याची सकाळ हाती लागत नाही.

५. सकाळ : जे थांबत नाही ते आधी

आता धंदा मांडणारा कुठे आहे ते पाहू. तो सूर्य उगवायच्या सुमारास प्लॉटवर असतो. बाया येण्यापूर्वी तो एकटा ओळी फिरतो. एखादे झाड वेगळे दिसते. पान वेगळे, उंची वेगळी. ते दुसऱ्या जातीचे झाड. ते फुलावर येण्यापूर्वी उपटायचे. जोमदार झाड उपटताना शेतकऱ्याचा जीव तुटतो. तो म्हणतो, "राहू द्या की साहेब, एका झाडानं काय होतंय?" धंदा मांडणाऱ्याने तिथे मऊ होऊन चालत नाही. तसेच कडक बोलूनही चालत नाही. ते झाड ठेवल्याने काय होईल, हे त्याला शेतकऱ्याला समजावून सांगावे लागते. शेतकरी स्वतः होऊन झाड उपटू लागला, म्हणजे सकाळ कारणी लागली.

आठ वाजता बाया येतात. तो कोण आली, किती आल्या, हे लिहून घेतो. पहिला अर्धा तास तो त्यांच्याबरोबर ओळीत चालतो. मग बाजूला होतो.

या सकाळच्या तीन तासांत तो दुसरे काही करीत नाही. फोन आला तरी "दुपारी बोलतो" म्हणतो. वसुलीला जात नाही. ओळखीचा पाहुणा आला तर त्याला चहा देतो आणि बांधावर बसवतो. कारण वसुली दुपारी होईल, पाहुणा संध्याकाळी भेटेल, पण फूल दुपारी मिळणार नाही. दिवसातली सगळी कामे सारखी नसतात. काही थांबतात, काही थांबत नाहीत. जे थांबत नाही ते आधी. पहिला नियम हाच.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. बीज-प्लॉटवर पोरांची बोटे नाजूक चालतात, असे म्हणून शाळेच्या वयाच्या पोरी कामाला लावण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. १४ वर्षांखालील मुलाला मजुरीला लावणे हा गुन्हा आहे. २०१६ साली हा कायदा अधिक कडक झाला. जो धंदा पोरांची शाळा बुडवून उभा राहतो, तो गावाचे भले करीत नाही. धंदा मांडणाऱ्याने सकाळी हजेरी घेताना हेही डोळ्यांत तेल घालून पाहावे.

६. दुपार : तपासणी

रात्रीच्या वर्गात एकाने आम्हांला विचारले, "गुरुजी, मालकाला दुपारी काय काम असतं? गादीवर बसायचं अन् नोटा मोजायच्या." सगळे हसले. पण प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर असे की, दुपारी मालक नोटांआधी अंकुर मोजतो.

मागच्या हंगामाचे बियाणे गोदामात पडलेले असते. ते विकायचे की नाही, हे कसे ठरवायचे? डोळ्यांनी पाहून कळत नाही. त्याची उगवण तपासावी लागते. प्रयोगशाळेत ४०० दाणे घेतात आणि शंभर-शंभरचे चार वाटे करतात. घरी आपण १०० दाण्यांवर करू शकतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या. वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची. सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले अंकुर मोजायचे.

सोयाबीनचे १०० पैकी निदान ७० दाणे उगवले पाहिजेत. ज्वारीचे ७५. हे सरकारी प्रमाण आहे. १९६६ साली बियाण्याचा कायदा झाला, त्याखाली ही प्रमाणे ठरली.

आता असे समजा की धंदा नवा आहे. कर्ज काढले आहे. गोदामात ज्वारीचे बियाणे आहे, आणि मोजणीत ६८ भरले. मोंढ्यातला दुकानदार म्हणतो, "द्या हो, कोण मोजत बसतंय? मिरग तोंडावर आहे." त्या दुपारी धंदा मांडणाऱ्याची खरी परीक्षा असते. माल विकला तर आजचा हप्ता सुटतो. पण पुढच्या महिन्यात शे-दोनशे वावरांत ताटे विरळ दिसतील. मग त्याच्या नावाची पिशवी पुन्हा कोणी हातात धरणार नाही. माल अडवला तर घरात ओढाताण होईल, पण नाव राहील. त्या क्षणी त्याला सल्ला द्यायला कोणी नसते. तो एकटा असतो. नोकरी आणि धंदा यांतला मोठा फरक हाच आहे, असे आम्हांला वाटते.

७. तिसरा प्रहर : माणसे

दुपारी तीननंतर बाया पुन्हा कळ्या खुडायला लागतात. प्लॉटवर उद्याची तयारी चालते. धंदा मांडणारा आता माणसांकडे वळतो.

बियाणे तो सगळे स्वतःच्या जमिनीत करीत नाही. इतकी जमीन आणणार कुठून? तो शेतकऱ्यांशी करार करतो. नर-मादीचे मूळ बियाणे तो देतो, राबतो शेतकरी, आणि तयार बियाणे ठरल्या भावाने तोच घेतो. यात पिकणाऱ्याला बांधलेला भाव मिळतो. पण करारात काय लिहिले आहे, हे वाचता आले पाहिजे. भाव किती, पैसे कधी, माल नापास झाला तर काय, वजन कोण करणार. या चार गोष्टी वाचल्याशिवाय अंगठा उठवू नये. आणि आता तर तुम्ही अंगठा सोडून सही करता!

धंदा मांडणारा रोज निदान एका शेतकऱ्याच्या घरी जातो. गोड बोलायला नव्हे, ऐकायला. "तुमची दुसरी पिशवी कमी उगवली," असे कोणी म्हटले तर रागावत नाही. कोणती पिशवी, कोणता लॉट, केव्हा पेरली, पाऊस केव्हा झाला, हे विचारून लिहून घेतो. गिऱ्हाइकाचा राग म्हणजे फुकट मिळालेली तपासणी आहे.

नवी वस्तू लोक एकदम घेत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीला विष बाधेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. तरी ते चिकटून राहिले. १० मार्च १९१० रोजी औंध संस्थानात कुंडलच्या माळावर त्यांनी कारखान्याची वसाहत वसवली. तीच किर्लोस्करवाडी. नांगर भाषणाने खपत नाही. तो वावरात चालवून दाखवावा लागतो. बियाण्याचेही तेच. अर्ध्या वावरात जुने, अर्ध्या वावरात नवे पेरून दाखवायचे. शेतकऱ्याचे डोळे बाकीचे काम करतात.

८. रात्र : वही

दिवेलागणीला बायांची हजेरी आणि मजुरी यांचा हिशेब होतो. मग जेवण. मग वही.

वहीत काय लिहायचे? चार गोष्टी. आज काय आले. आज काय गेले. कोणाला काय शब्द दिला. उद्या पहिले काम कोणते. एवढे लिहायला पाव तास लागतो. पण हा पाव तास चुकला की धंदा अंधारात चालू लागतो. घरात पैसा दिसतो, तो आपलाच वाटतो. त्यातला किती दुकानदाराचा, किती मजुरांचा, किती बँकेचा, हे वहीच सांगते.

या बाबतीत मुंबईच्या बायांचे उदाहरण घेऊ. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बाया गच्चीवर पापड लाटायला बसल्या. त्यांतल्या एक जसवंतीबेन पोपट. भांडवल उसने, ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पुडे पापड झाले. हाच पुढे 'लिज्जत पापड' झाला. आरंभी त्या दोन प्रतीचे पापड करीत, एक भारी आणि एक स्वस्त. छगनबापा पारेख नावाच्या गृहस्थांनी त्यांना सांगितले, प्रत एकच ठेवा, चांगली ठेवा, आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात. चार महिने काम बंद पडले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. काम चालू राहिले.

त्यांचा दिवसही बांधलेला असतो. सकाळी मळलेले पीठ घ्यायचे. घरी नेऊन लाटायचे. दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड तोलून द्यायचे, लाटणावळ घ्यायची आणि नवे पीठ न्यायचे. पापड आणि बियाणे यांत साम्य ते काय? दोन्हीकडे रोजचे काम रोज तोलले जाते, आणि रोज लिहिले जाते. जसवंतीबेन यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

९. सांभाळून असा

धंदा मांडणाऱ्याचा दिवस मोठा असतो, हे खरे. पण काही जण अठरा-अठरा तास राबल्याच्या गोष्टी फुशारकीने सांगतात. आम्हांला ते पटत नाही. बैलालासुद्धा दुपारी औत सोडून सावली देतात. न झोपलेला माणूस पिशवीवर चुकीचा लॉट नंबर लिहितो. हंगाम असेल तेव्हा राबावे. हंगाम सरला की घराकडे पाहावे. पोरांच्या वह्या पाहाव्यात, म्हाताऱ्यांचे औषध पाहावे.

दुसरे असे की, सगळे धंदे चालत नाहीत. नवे धंदे पुष्कळ बुडतात. म्हणून घरची ज्वारी आणि पोरांची फी यांना हात लावून धंदा मांडू नये. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असे करू नये. प्रथम लहान मांडावे. अर्ध्या गुंठ्यात करून पाहावे. बुडाले तर सोसेल एवढेच घालावे.

१०. तुमचा दिवस

आपल्या गावात असा धंदा कोणता होईल? ज्याला जे जमेल ते. समजा, एका बाईने मिरची-वांग्यांची रोपवाटिका मांडली. तिचा दिवस असा लिहिता येईल :

सकाळी ६ ते ८ : रोपांना पाणी. रोगट रोप उपटून टाकणे.
सकाळी ८ ते १० : गिऱ्हाइकांना रोपे मोजून देणे. ऊन चढले की रोप मलूल होते, म्हणून हे काम सकाळीच.
दुपारी : घरकाम आणि थोडी विश्रांती.
दुपारी ३ ते ५ : नवे ट्रे भरणे, बी टोचणे, प्रत्येक ट्रेवर वाण आणि तारीख लिहिणे.
संध्याकाळी : मागणी विचारणे, उधारीची आठवण देणे.
रात्री पाव तास : वही.

यात थांबणारी कामे कोणती आणि न थांबणारी कोणती, ते पाहा. रोपाला पाणी थांबत नाही. उधारीची आठवण थांबते. ट्रेवर तारीख लिहिणे लहान वाटते. पण तारीख नसेल तर ३० दिवसांचे रोप कोणते आणि ४५ दिवसांचे कोणते, हे महिन्याने कोण सांगणार? गिऱ्हाइकाला जून रोप गेले तर फळ कमी लागेल. ती चूकही दुसऱ्याच्या वावरातच दिसेल.

तुम्ही धंदा मांडा किंवा न मांडा, बियाणे तर सगळेच विकत घेतात. तेव्हा आजपासून पिशवीवरचा टॅग वाचायचा. पायाभूत बियाण्याचा टॅग पांढरा असतो. प्रमाणित बियाण्याचा निळा. कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर जे विकते, त्याचे लेबल हिरवे. त्यावर वाण, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी आणि मुदत छापलेली असते. पावती घ्यावी. पिशवी, टॅग आणि थोडे दाणे कापणीपर्यंत जपून ठेवावेत. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लिहिलेली राहते.

ज्यांनी आजवर दुसऱ्याच्या प्लॉटवर दोरे बांधले, त्यांना आता पिशवीवरची अक्षरे वाचता येतात. ही लहान गोष्ट नाही. धंद्याची पहिली पायरी पैसा आहे असे लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, पहिली पायरी वही आहे. ती दहा-वीस रुपयांत मिळते.

शब्दांचे अर्थ

संस्थापक – नवी संस्था किंवा उद्योग काढणारा
वाण – पिकाची जात
संकरित – दोन जातींच्या मिलनातून झालेले
पराग – फुलातील नराची पिवळी भुकटी
उगवण – पेरलेल्या दाण्यांपैकी किती उगवले ते प्रमाण
लॉट – एका वेळी तयार केलेल्या मालाचा गट
लाटणावळ – लाटण्याची मजुरी

प्रश्न

१. कपाशीच्या बीज-प्लॉटवर दिवस आदल्या दुपारी सुरू होतो, असे का म्हटले आहे?
२. वेगळे दिसणारे जोमदार झाड का उपटतात?
३. ज्वारीचे १०० पैकी ६८ दाणे उगवले. तुम्ही ते बियाणे विकाल का? कारण सांगा.
४. करारावर सही करण्यापूर्वी कोणत्या चार गोष्टी वाचाव्यात?

करून पाहा

घरच्या सोयाबीनचे १०० दाणे गोणपाटात ठेवा आणि सातव्या दिवशी अंकुर मोजून आकडा वहीत लिहा. आज रात्री उद्याची पाच कामे लिहा. जे थांबत नाही त्यापुढे फुली करा. उद्या रात्री तेच पान उघडा, आणि फुलीची कामे झाली की नाही ते पाहा.